दहा वीसचा केसपेपर

तळेसांगवी
२४ मार्च २०२५

आक्का,

"एकीलाच शिकवायचं असंल तर सुकन्याला शिकवा. ती कुणाला दारात उभं करून ठिवणार न्हाई."

हे तू दादांना म्हणालीस तेव्हा तू एकोणीस वर्षांची होतीस आणि मी सतरा. लातूरच्या नर्सिंग वसतिगृहाचा फॉर्म एकीचाच भरायचा होता, आणि मार्क तुझे जास्त होते. तू ज्वारीचं पीठ मळत होतीस. मळता मळता, वर न बघता बोललीस. मला शिकवण्यासाठी तुला काहीतरी कारण सांगायचं होतं, आणि माझ्यात सांगण्यासारखं एवढंच सापडलं. लहानपणी कडी वाजली की कोण आहे हे न विचारता मी दार उघडायची, आणि त्यावरून तू मला किती वेळा रागावली होतीस.

आज सृष्टीला जाऊन एक महिना आणि तीन दिवस झाले. तू माझा फोन उचलत नाहीस. एकदा दाजींनी उचलला. मागे तुझा आवाज आला आणि दाजी म्हणाले, "ती न्हाई म्हणती," आणि ठेवला. म्हणून पत्र लिहिते. तू किराणा बांधून आलेला कागदसुद्धा उलगडून वाचतेस, हे मला माहीत आहे.

आक्का, तुझी लेक नांदेडच्या रस्त्यावर ॲम्ब्युलन्समध्ये गेली, बाळंत होऊन अडीच तास झाले होते. वार अडकली होती आणि रक्त थांबत नव्हतं. तू तिच्यासोबत होतीस, मांडीवर नात होती. तुला मी हे सांगायला नको. पण दवाखान्यात काय झालं ते तुला नीट कळलेलं नाही, असं मला वाटतं.

आमचं ग्रामीण रुग्णालय तीस खाटांचं होतं. ते पन्नास खाटांचं उपजिल्हा रुग्णालय व्हावं म्हणून आम्ही किती वर्षं अर्ज केले ते तू ऐकत आलीस. शेवटी सरकारचा निधी आला, जुनी ओटी, म्हणजे ऑपरेशनची खोली, पाडली, नवी बांधली. ऑपरेशनचं टेबल, वरचा मोठा दिवा, भुलीचं मशीन असं सगळं नव्या इमारतीत नेऊन बसवलं. पण लोकार्पण झाल्याशिवाय इमारत वापरता येत नाही. फीत कापायला येणाऱ्या मंत्रीसाहेबांची तारीख तीनदा पुढे गेली. तयार ओटीला सहा आठवडे कुलूप होतं आणि आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये बाळंतपणं करत होतो. शेडमध्ये वार काढायची म्हणजे भूल देता येत नाही. कागदावर ती इमारत त्या दिवशी दुपारी दोनपर्यंत आमची नव्हतीच. किल्ली माझ्या हातात असती तर मी काय केलं असतं, हे तुला सांगायला हवं का?

त्या दिवशीच्या लोकार्पणाचा पेपरातला फोटो तू पाहिलास, असं दाजी म्हणाले. त्यातलं हसू माझं नाही. फोटोवाला म्हणाला, सिस्टर, जरा हसा. तेवढंच.

तुझी,
सुकन्या


तळेसांगवी
११ मे २०२५

आक्का,

पाकीट परत आलं. पोस्टमननं मागच्या बाजूला 'नाकारले' लिहून खाली सही केली होती. हे पत्र साध्या टपालाने, दाजींच्या नावावर पाठवते. उन्हाळा फार कडक आहे. नव्या इमारतीत एसी आहे. बायका दुपारच्या उगाच येऊन बाकावर बसतात आणि मी त्यांना हाकलत नाही.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की किल्ली माझ्याकडे असती तर. ते खोटं होतं. किल्ली माझ्याकडेच होती. ठेकेदाराने जानेवारीतच जुडगा माझ्या हातात दिला होता. मी तो कमरेला लावून फिरायची. अगदी खरं सांगायचं तर मला त्या जुडग्याचा आवाज आवडायचा.

आणखी एक. सत्यमला तिला नांदेडला न्यायचं होतं. सृष्टीचा नवरा चांगला मुलगा आहे. त्याने मंगळवारी मला फोन केला होता. "मावशी, पयलं बाळंतपण माहेरी आसतंय हे मान्य हाय, पर दवाखाना नांदेडचा बघू का?" मी म्हणाले, शुक्रवारपर्यंत थांबा. शुक्रवारी लोकार्पण आहे. पहिलं बाळ आपल्या सृष्टीचंच होऊ दे. तो अर्धापूरला केळीचा माल भरायला थांबला आणि तू माझा शब्द मानलास.

आमच्याकडे त्या पहिल्या बाळाची किती चर्चा चालली होती, हे तुला माहीत नाही. दवाखान्याच्या समितीचे आप्पासाहेब रोज येऊन विचारायचे, "सिस्टर, कुणी टेकलंय का? मुलगा झाला तर सायबाचं नाव ठिवू, मुलगी झाली तर योजनेचं." सगळे हसायचे. मीही हसायची. मीच त्यांना सांगितलं होतं की माझी भाची आहे, दिवस भरलेत.

सृष्टीला मी फोनवर नव्या खोलीचं वर्णन केलं तेव्हा ती म्हणाली, "एसी हाय का मावशी? मग मी चार दिवस जास्तच राहते. सासूला सांग, टाके दुखून राहिलेत." तो हसण्याचा आवाज मी अजून फोनमध्ये शोधते. फोन रेकॉर्ड होत नाही हे माहीत असून शोधते.

तुम्ही आलात तेव्हा सकाळचे दहा वीस झाले होते. तिचा केसपेपर मी माझ्या हाताने लिहिला. नाव, वय बावीस, वेळ, माझी सही. बारा पाचला मुलगी झाली. रडली चांगली. तू म्हणालीस, "हिचं नाक तुझ्यावर गेलंय गं सुकन्ये, हिला सर्दी लई व्हणार." आपण तिघी हसलो. ते शेवटचं.

मग वार सुटेना, आणि तुला बाळासकट बाहेर बसवलं.

डॉक्टर रविकिरण धावत आले. डोक्यावर फेटा होता, छातीवर स्वागत समितीचा बिल्ला. भूलतज्ज्ञ त्या दिवशी कार्यक्रमासाठी लातूरहून खास बोलावलेले, मांडवात दुसऱ्या रांगेत बसले होते. बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाई त्यांच्या शेजारी. म्हणजे आक्का, माणसं होती, टेबल होतं, दिवा होता. शेडपासून नव्या ओटीपर्यंत चाळीस पावलं आहेत. मी नंतर मोजली.

मी म्हणाले, "सर, आत घेऊ या."

ते म्हणाले, "सिस्टर, साहेब कंधारहून निघालेत. दहा मिनिटं. फीत कापली की पहिली हीच आत घेऊ. नव्या ओटीची पहिली केस. साहेबांनाही दाखवता येईल."

मी सलाईन वाढवलं. इंजेक्शनं दिली. तिचं पोट चोळत राहिले. दहा मिनिटांनी विचारलं, पुन्हा दहा मिनिटं. असं सात वेळा झालं. भामाबाई, आमच्याकडची आया, बादली घेऊन उभ्या होत्या. त्या दाराकडे बघून म्हणाल्या, "सिस्टर, फीत हाय ती, भिंत न्हाई. कातर मी आणते."

मी त्यांना म्हणाले, "भामाबाई, तुमचं काम करा."

दीड वाजता डॉक्टरांनी नांदेडला रेफर केलं. रस्त्यात ताफा समोरून आला तेव्हा ॲम्ब्युलन्स बाजूला थांबवली, भोंगा वाजत असताना. हे मला दाजींनी सांगितलं. दोन वाजता फीत कापली. कात्री चांदीची होती.

मग पहिलं बाळ हवं होतं. शेडमधल्या एका बाईचं चार दिवसांचं बाळ उचलून नव्या खाटेवर ठेवलं. साहेबांनी त्याला किट दिलं. ते बाळ माझ्या हातात आहे, तो फोटो तू पाहिलास. फोटो निघाला तेव्हा तुम्ही कंधारच्या पुढे होतात. माझा फोन खिशात थरथरत होता. तू होतीस. मी उचलला नाही, कारण दोन्ही हातांत बाळ होतं.

मला हुकूम होता, आक्का. एवढंच माझ्या बाजूने लिहिता येतं.

सुकन्या


तळेसांगवी
३ ऑगस्ट २०२५

आक्का,

पत्र परत आलं नाही. म्हणजे दाजींनी घेतलं. वाचलंस का नाही ते कळत नाही.

मागच्या पत्रात शेवटी मी 'हुकूम होता' असं लिहिलं. तीन महिने ते वाक्य माझ्यासोबत जेवतंय. हुकूम दर्शनी दाराचा होता. फीत दर्शनी दाराला होती. इमारतीला बाजूने आणखी एक दार आहे, स्ट्रेचर न्यायचं, शेडच्या समोर. त्याला फीत नव्हती. त्याची किल्ली जुडग्यात चौथी.

ते दार मी त्या दिवशी सकाळी आठला उघडलं होतं.

रांगोळी काढायला. ओटीच्या आधी लांब बोळ आहे, नवी चकचकीत फरशी. कार्यक्रमासाठी तिथे रांगोळी काढायचं माझ्याकडे आलं होतं, तुला माहीत आहे माझा हात बरा आहे. दोन शिकाऊ मुली आणि मी, दोन तास बसलो. आई आणि तिच्या कुशीत बाळ. आईच्या साडीला मी जांभळा रंग भरला, तुझ्या लग्नातल्या साडीचा. बोळाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. कडेने जायला जागा नव्हती. दहाला आम्ही हात धुतले, मी दार ओढून घेतलं, आणि वीस मिनिटांनी तुम्ही आलात.

साडेबाराला भामाबाईंनी स्ट्रेचरचं चाक बाजूच्या दाराकडे वळवलंही होतं. फीत, साहेब, डॉक्टर, कुणी मध्ये नव्हतं. त्यांनी मला हाक मारली, "सिस्टर, हिकून नेऊ. खोला."

आक्का, मी काय म्हणाले ते मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. भामाबाई ऐकून गप्प बसल्या, म्हणून ते जगात फक्त दोघींना माहीत आहे. मी म्हणाले, "थांबा, आत रांगोळी आहे."

विचार करून म्हणाले असते तर मी स्वतःला राक्षसीण म्हणून मोकळी झाले असते. विचार केलाच नाही. जिभेवर होतं ते बाहेर आलं. साहेब पोचतीलच, दहा मिनिटांचा प्रश्न, सगळं ठरल्याप्रमाणे नीट होईल, तिलाही ओटी मिळेल, रांगोळीही राहील. मला दोन्ही हवं होतं. सृष्टीने ते ऐकलं. ती म्हणाली, "मावशी, नव्यात न्हेतीस ना मला?" मी म्हणाले, नेते बाळा, आत्ता नेते. मग ती म्हणाली, "थंडी वाजून राहिली." फेब्रुवारीची दुपार होती. मी तिच्या पायावर दोन चादरी टाकल्या.

दोन वाजता साहेबांची माणसं रांगोळीवरूनच चालत गेली. कुणी खाली पाहिलंही नाही.

आता दुसरं. हे तुला कळलेलं आहे, पण कुणी केलं ते कळलेलं नाही.

तुझा फोन मी शेवटी पावणेतीनला उचलला. नुसतं बाळ रडत होतं. साडेचारला पाहुणे गेल्यावर डॉक्टरांनी मला आत बोलावलं. टेबलावर उरलेले हार होते. ते म्हणाले, "सिस्टर, रजिस्टर अजून भरलं नाही ना? बरं झालं. तुमच्या घरचीच केस आहे म्हणून सांगतो. किल्ली तुमच्याकडे होती. चौकशी लागली तर पहिल्या तुम्ही." मग त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. 'प्रसूती घरी झाली. रक्तस्राव होत असताना नातेवाइकांनी दुपारी १.१५ वाजता आणले. १.३० वाजता संदर्भित.' ठळक, सुवाच्य अक्षरात. खाली सही.

मला वाटलं, हे रजिस्टर तू कधी बघणार नाहीस. ते कपाटात राहील. मला काय माहीत, मुलीच्या जन्माच्या दाखल्यावरही 'जन्मस्थळ : घर' असंच येईल, आणि चौकशीचा अहवाल 'नातेवाइकांचा विलंब' असं म्हणेल, आणि तो अहवाल सत्यमच्या घरी जाईल. नाही. मला माहीत होतं. जन्माच्या नोंदी मीच पाठवते.

दाजी म्हणाले, अर्धापूरच्या व्याह्यांनी तुला ओट्यावरून परत पाठवलं. विहीणबाई म्हणाल्या, "ज्या बाईनं लेक घरात बाळंत केली तिच्या हाती आम्ही नात देणार न्हाई." टोपडं शिवून नेलं होतंस, ते तसंच पिशवीतून परत आणलंस.

नात सहा महिन्यांची होत आली. उर्वी नाव ठेवलंय. हे मला लसीकरणाच्या यादीतून कळलं.

सुकन्या


तळेसांगवी
२६ ऑक्टोबर २०२५

आक्का,

हे पत्र दाजी तुला वाचून दाखवणार आहेत. तू ऐकत नसलीस तरी मोठ्याने वाचणार आहेत, तसं त्यांनी मला वचन दिलंय. दाजी, इथपर्यंत वाचलंत तर पुढेही वाचा, काही गाळू नका.

सप्टेंबरमध्ये मी डॉक्टर रविकिरण यांच्याकडे गेले. म्हणाले, मला जबाब बदलायचाय. सृष्टी सकाळी दहा वीसला आली होती, बाळ दवाखान्यात झालं, रजिस्टर मी खोटं लिहिलं. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. ते वाईट माणूस नाहीत, हेच वाईट आहे. म्हणाले, "पुरावा काय? तुमच्या सहीच्या विरुद्ध तुमचाच शब्द? सिस्टर, तुमचं मन हळवं झालंय. महिनाभर रजा घ्या." मी भामाबाईंचं नाव सांगितलं. त्यांनी भामाबाईंना बोलावलं. भामाबाई म्हणाल्या, "मी त्या दिवशी मांडवात खुर्च्या पुसून राहिले व्हते साहेब. मला काय ठावं न्हाई." बाहेर आल्यावर मी त्यांच्याकडे पाहिलं तर म्हणाल्या, "बघता काय? तवा म्हणलात, तुमचं काम करा. करून राहिले."

मी वरच्या कार्यालयात अर्ज दिला. उत्तर आलं : प्रकरण बंद आहे, नवीन कागदोपत्री पुरावा असल्यास सादर करावा.

नवीन पुरावा एकच आहे. त्या दिवशी तुझ्या हातात दिलेला केसपेपर. आमच्याकडची प्रत मी त्याच संध्याकाळी फाडली होती. तुझ्याकडची मागायचं त्या गडबडीत राहून गेलं. तेवढी एक चूक माझ्या हातून चांगली झाली.

म्हणून मी दाजींना बोलावलं. मागच्या सोमवारी जळकोटच्या बसने आले. किती वाळलेत गं. नव्या इमारतीच्या पायरीवर बसले, आत यायला तयार होईनात. चहा तिथेच प्याले. मी विचारलं, "दाजी, तो कागद आहे का?"

"हाय की. ट्रंकेत. तुझी पत्रंबी तिथंच. एकबी फोडलं न्हाई तिनं. किल्ली कनवटीला लावून हिंडती."

"मग तो सत्यमला का दाखवला नाही? त्यावर वेळ आहे. नात मिळाली असती."

दाजींनी कप पायरीवर ठेवला. "म्या म्हणलं की. हजार डाव म्हणलं. म्हणती, काय दाखवू? उशीर मीच केला. पोरगा नांदेडला न्यायचं म्हणून राहिला व्हता, मी बहिणीचं ऐकलं. कागद दाखवून माझं ऐकणं पुसतंय का?"

मी म्हणाले, "दाजी, तिला सांगा, माझी नोकरी जाऊ द्या. मला चालेल."

तेव्हा ते जे म्हणाले ते मी तुझ्याच शब्दांत लिहिते, कारण त्यांनी ते पाठ करून आणल्यासारखं सांगितलं. "ते बी म्हणली हाय ती. म्हणली, तिची नोकरी घालवायची न्हाई मला. आमच्या घरातून एकच शिकली. तिला रोज त्या दारातून जाऊ द्या. रिटायर होईस्तवर जाऊ द्या."

मी चहाचे कप उचलून आत गेले. त्याच बाजूच्या दाराने गेले, दुसरा रस्ता लांबून आहे. चौदा वर्षं नोकरी उरली आहे, आक्का. तू बारावीला गणितात माझ्या पुढे होतीस, हिशेब तूही केला असशील.

तुझी शिक्षा मला पटते. तुझ्या जागी मला यापेक्षा नेमकी सुचली नसती. पण ती एकट्या मला होत नाही. उर्वी मोठी होईल. शाळेत घालताना दाखला काढतील. त्यावर लिहिलेलं असेल की ती घरी जन्मली, आणि कुणीतरी तिला सांगेल की तुझ्या आजीने तुझ्या आईला दवाखान्यात नेलं नाही. ती ते खरं मानेल. सरकारी कागदावर, माझ्या अक्षरात आहे, का मानणार नाही? ज्या पोरीचं नाक माझ्यावर गेलंय म्हणालीस ती तुझ्या दारात कधी येणार नाही. तू मला दारातून चालवायला निघालीस आणि तिला दाराबाहेर ठेवलंस. हे लिहिताना मला कळतंय की मी तुला दुखावतेय. मला दुसरं काही येत नाही असं दिसतंय.

भामाबाईंनी काल मला विचारलं, "तुमची भन देईल का कागद?"

मी म्हणाले, "नाही."

"मग कशाला जाताव?"

मी शनिवारच्या बसची वेळ कागदावर लिहून घेतली. त्या म्हणाल्या, "जावा. उभं राहून बघा. कसं वाटतंय ते कळंल."

शनिवारी मी येते. दहाच्या बसने, म्हणजे अकराच्या आसपास ओट्यावर असेन. आत बोलावू नकोस, पाणी देऊ नकोस. दाजींना बाहेर पाठवू नकोस, त्यांना तुझ्या-माझ्यामध्ये उभं करणं पुरे झालं. मी कडी एकदाच वाजवीन आणि परतीची बस साडेचारची आहे, तोपर्यंत थांबेन. तू दार उघडणार नाहीस हे मला माहीत आहे. या वेळी कोण आलंय हे तू विचारशीलसुद्धा नाही.

तरी मागते. ट्रंक उघड, आणि तो केसपेपर मला दे. हातात द्यायचा नसेल तर दाराखालच्या फटीतून सरकव.

सुकन्या